ड्रम फिरेनासा होतो तेव्हा: धुण्याच्या यंत्राची अडीचशे वर्षं



पावसाळा लागला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मशीनचे दिवे लागतात, पाणीही येतं, पण ड्रम काही फिरत नाही. आता काय करू?" दिवस चातुर्मासाचे. दोरीवरचे कालचे कपडे अजून दमट, पूजेची वस्त्रं रोज धुतलेली हवीत, आणि नेमकं तेव्हाच मशीन रुसून बसतं. मेकॅनिक दोन दिवसांनी उगवतो, मागचं झाकण उघडूनही बघत नाही आणि सांगतो, "बोर्ड गेलाय ताई, आता नवीनच घ्या."

मी कॉमर्सची पदवीधर. इंजिनीअरिंगशी माझा काही संबंध नाही. पण ताळेबंद जुळत नसेल तर पहिल्या नोंदीपासून एकेक आकडा तपासत यायचं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. तीच रीत मी या मशीनला लावली. धुण्याच्या यंत्राचा इतिहास वाचत गेले आणि लक्षात आलं की त्यातला एकेक भाग वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या अडचणीवरचा उपाय म्हणून आला आहे. ड्रम थांबण्याची निम्मी कारणं तर बिघाडाची नव्हेतच. ते थांबणं कुणीतरी विचार करून, मुद्दाम बसवलेलं आहे. कुठला भाग कशासाठी आला हे कळलं की ड्रम का थांबला हे शोधणं सोपं जातं, आणि कुणी उगाच नवीन मशीन गळ्यात मारू शकत नाही. म्हणून आज इतिहास आणि दुरुस्ती दोन्ही एकत्र सांगते.

हाताने फिरवायचं पिंप

यंत्र येण्याआधी धुणं म्हणजे काय होतं हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. विहिरीचं नाहीतर नदीचं पाणी, दगड, धोपाटणं आणि पिळून पिळून सुजलेली मनगटं. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर दगडी हौदांत उभं राहून कपडे आपटणारी माणसं आपण पुलावरून पाहिलेली आहेत. युरोप-अमेरिकेतही बायकांची यातून सुटका नव्हती. तिकडे आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, धुण्यातच जायचा. पाणी वाहून आणायचं, तापवायचं, कपडे घासायचे, उकळायचे, खळबळायचे, पिळायचे. त्यात थंडीचे दिवस असले म्हणजे बघायलाच नको.

१७६७ साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहरातल्या याकोब क्रिस्टियान शेफर यांनी धुण्याच्या यंत्राची एक रचना प्रसिद्ध केली. हे गृहस्थ चर्चमधले धर्मोपदेशक, शिवाय अळंबी आणि कीटकांचे अभ्यासक. त्यांच्या यंत्रात लाकडी पिंप जागच्या जागी राहायचं आणि आतले कपडे ढवळणारा दांडा हाताने फिरवायचा. पुढे १७८२ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री सिजिअर यांनी वेगळ्या कल्पनेचं पेटंट घेतलं. लाकडी पट्ट्यांचा एक पिंजरा, त्यात कपडे, आणि हँडल मारून तो अख्खा पिंजराच पाण्यात फिरवायचा.

या दोन घराण्यांची आठवण ठेवा, कारण आपल्या घरातलं मशीन यांपैकी एकाचं वंशज आहे. समोरून दार उघडतं ते फ्रंट लोड सिजिअरच्या पिंजऱ्याच्या घराण्यातलं. त्यात ड्रम फिरतो आणि कपडे वर जाऊन खाली पडतात. वरून कपडे टाकायचं सेमी-ऑटोमॅटिक किंवा टॉप लोड हे शेफरच्या ढवळण्याच्या घराण्यातलं. धुताना त्यात तळाची चकती फिरते, ड्रम नाही. टॉप लोड फुल ऑटोमॅटिकचा ड्रम जोरात फिरतो तो पिळताना. म्हणून "ड्रम फिरत नाही" म्हणण्याआधी आपल्या मशीनमध्ये या वेळी काय फिरायला हवं आहे, हे आधी ठरवा. धुताना टॉप लोडचा ड्रम स्थिर दिसला तर त्यात काळजीचं काही नाही.

अमेरिकेत १८५१ मध्ये जेम्स किंग यांनी ड्रमच्या यंत्राचं पेटंट घेतलं, १८५८ मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी आणखी एक फिरतं यंत्र आणलं. पण हँडल मारायला बाईचाच हात लागायचा. शंभराहून अधिक वर्षं ड्रम हातानेच फिरत होता. म्हणूनच आजही सगळ्यात पहिली आणि सगळ्यात भरवशाची तपासणी हाताचीच आहे.

ती अशी करायची. आधी बटण बंद करून प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग ड्रम हाताने फिरवायचा. फ्रंट लोडचा ड्रम किंचित जड लागत पण सरळ फिरला, तर यंत्राचा फिरणारा भाग ठीक आहे. अगदी हलका, पंख्यासारखा फिरत राहिला तर मोटर आणि ड्रम यांना जोडणारा पट्टा निसटला किंवा तुटला असण्याची शक्यता जास्त. घरघर, खडखड ऐकू आली तर बेअरिंग झिजलं आहे. आणि फिरतच नसेल तर ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्या मधल्या फटीत काहीतरी अडकलं आहे: हेअरपिन, नाणं, ब्लाऊजचा हुक, लहान मुलाचा मोजा. या एका तपासणीने अर्धा रोग कळतो आणि तिला पैसा लागत नाही.

वीज आली, मोटर आली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हँडलच्या जागी विजेची मोटर बसली. शिकागोच्या हर्ले मशीन कंपनीचं 'थॉर' हे मशीन त्या काळात गाजलं आणि त्याचं पेटंट १९१० मध्ये अल्वा फिशर यांना मिळालं. विजेचं पहिलं मशीन त्यांचंच असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, पण त्याआधीही विजेवरच्या यंत्रांची पेटंटं निघालेली होती. फिशर यांच्या यंत्रातली आपल्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. त्यांचा ड्रम थोडे फेरे एका दिशेने घेई आणि मग आपोआप उलटा फिरे. एकाच दिशेने फिरवलं तर कपड्यांचा पीळ बसतो, गाठोडं होतं आणि धुणं नीट होत नाही. आज आपलं मशीन फिरतं, थांबतं, क्षणभर गप्प राहतं आणि उलटं फिरू लागतं, ते याच कारणाने. या थांबण्याला बिघाड समजून पुष्कळ जणी बटणं दाबत बसतात. मिनिटभर वाट बघावी. 'डिले स्टार्ट' चुकून दाबलं गेलं असेल तर मात्र तासभर वाट बघूनही काही होत नाही, तेवढं पाहून घ्यावं.

आता मोटरकडे वळू. मशीनमधून "हूंऽऽ" असा आवाज येतो पण काहीच फिरत नाही, ही तक्रार सेमी-ऑटोमॅटिकमध्ये फार. इटलीतले गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेतले निकोला टेस्ला यांनी १८८०च्या दशकात दाखवून दिलं की विजेचे दोन प्रवाह एकमेकांच्या थोडे मागे-पुढे ठेवले तर चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि त्याच्या मागे मोटर फिरते. टेस्ला यांची पेटंटं १८८८ मधली. आपल्या घरात मात्र एकच प्रवाह येतो, सिंगल फेज. एकट्या प्रवाहाने अशी मोटर जागची सुरू होत नाही, नुसती थरथरते. दुसरा, थोडा मागे राहणारा प्रवाह तयार करून देण्याचं काम कपॅसिटर नावाचा एक छोटासा डबा करतो. तो अशक्त झाला की मोटर हुंकार देते पण फिरत नाही. अशा वेळी मशीन लगेच बंद करावं, कारण अडलेली मोटर झपाट्याने तापते. कपॅसिटर स्वस्त असतो. पण प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो, म्हणून त्याला आपण हात लावायचा नाही. आपण फक्त मेकॅनिकला विचारायचं, "कपॅसिटर तपासलात का?" हा एक प्रश्न विचारला की समोरच्याच्या बोलण्याची तऱ्हा बदलते.

गावाकडे व्होल्टेज कमी असलं तरी हाच हुंकार येतो. दिवे मिणमिणत असतील तर कपॅसिटरला दोष देण्याआधी थोडं थांबावं. आणि मोटर खूप तापली की ती स्वतःच प्रवाह तोडते. त्यासाठी तिच्यात उष्णतेवर चालणारा एक स्विच बसवलेला असतो. अर्ध्या तासाने मशीन आपोआप सुरू झालं तर समजायचं की मोटरने स्वतःला वाचवलं, आणि कपडे कमी टाकायला हवेत.

झिजण्यासाठीच केलेला भाग

बऱ्याच फ्रंट लोड मशीनमध्ये दुसऱ्या जातीची मोटर असते. तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवायची तर काहीतरी त्याला सतत टेकून राहायला हवं. सुरुवातीच्या काळात हे काम तांब्याच्या तारांचे कुंचले करायचे. त्यांच्या ठिणग्या उडत आणि मोटरचा महागडा भाग खरवडला जाई. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने त्या जागी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. कार्बन मऊ, तो स्वतः झिजतो आणि ज्यावर घासतो त्याला सांभाळतो. कुंचले गेले, पण 'ब्रश' हे नाव मात्र राहिलं.

म्हणजे कार्बन ब्रश हा भाग झिजण्यासाठीच केलेला आहे. निरांजनातली वात जशी संपायचीच, तसा हा संपायचाच. तो संपत आला की मशीन आधी मधूनच थांबतं, पुन्हा चालतं, कधी जळका वास येतो. मग एक दिवस दिवे लागतात, पाणी भरतं, पाणी जातंही, पण ड्रम ढिम्म. हे लक्षण आणि "बोर्ड गेलाय" हे निदान यांची गल्लत फार होते. आमच्या नात्यातल्या एका घरी असंच झालं. पहिल्या मेकॅनिकने बोर्डाचा मोठा खर्च सांगितला. दुसऱ्याने मोटर काढून दोन बोटांच्या पेराएवढे उरलेले ब्रश दाखवले, जोडी बदलली, आणि ते मशीन पुढे कितीतरी वर्षं चाललं. ब्रश नेहमी जोडीने बदलायचे, आणि जुने काढलेले आपल्याला दाखवायला सांगायचे.

झाकण उघडं असताना मशीन का चालत नाही

या सगळ्या इतिहासातलं दुःखाचं पान पिळण्याच्या यंत्राचं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेतल्या लाखो घरांत मशीनच्या डोक्यावर रबरी रूळांची जोडी असे. उसाच्या चरकासारखी. ओले कपडे एका बाजूने घालायचे, दुसऱ्या बाजूने पिळून बाहेर. हाताने फिरवत होते तोवर ठीक होतं. रूळांना मोटर जोडली गेली आणि त्यात बोटं, हात, केस अडकू लागले. लहान मुलांचे हात कोपरापर्यंत, कधी त्याहीवर ओढले जात. तिथल्या डॉक्टरांना या इजेला वेगळं नावच द्यावं लागलं: 'रिंगर आर्म', म्हणजे चरकात सापडलेला हात. कंपन्यांनी मग रूळ झटकन सुटे व्हावेत म्हणून खटके बसवले. तरी इजा होतच राहिल्या.

पुढे रूळ गेले आणि कपडे जोरात गरगरवून पाणी काढणारा ड्रम आला. त्याचा वेग रूळांच्या कितीतरी पट. फिरत्या ड्रममध्ये हात गेला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून दाराला कुलूप आणि झाकणाला स्विच आला. दार नीट लागल्याची खात्री पटेपर्यंत मशीन ड्रम फिरवतच नाही. फ्रंट लोडमध्ये बटण दाबल्यावर "टक्" असा आवाज येतो, तो या कुलपाचा. तो आवाजच आला नाही तर दाराच्या रबरात कपड्याचं टोक अडकलं आहे का बघा, दाराची आकडी सैल आहे का बघा. टॉप लोडमध्ये झाकण पूर्ण बसलं आहे का बघा. सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनरचं झाकण उचललं की वीज तुटते आणि एका तारेने ब्रेक लागतो. ती तार सैल झाली किंवा ब्रेक चिकटून राहिला की झाकण लावूनही स्पिनर फिरत नाही.

काही मेकॅनिक सोपा मार्ग काढतात. कुलूप बिघडलं की दोन तारा थेट जोडून देतात, "आता कधी अडणार नाही" म्हणून. घरात नातवंडं असतील, किंवा नसली तरी, हे कधीही करू देऊ नका. तो स्विच कितीतरी मुलांचे हात गेल्यावर आपल्यापर्यंत आलेला आहे. त्याला चकवून मशीन चालवणं म्हणजे ते सगळं विसरून जाणं.

पाणी, तोल आणि बेंडिक्स

१९३७ मध्ये अमेरिकेत बेंडिक्स या नावाने पहिलं घरगुती ऑटोमॅटिक मशीन बाजारात आलं. त्यामागे जॉन चेंबरलेन या अभियंत्याचं काम होतं. धुणं, खळबळणं, पिळणं, सगळं एकाच ड्रममध्ये, मध्ये हात न लावता. त्याला समोरून काचेचं दार होतं. पण पिळताना ते इतकं हादरायचं की जमिनीला बोल्टने जखडावं लागे. आज आपलं मशीन जमिनीवर मोकळं उभं राहतं, कारण आतली टाकी स्प्रिंगांवर टांगलेली असते आणि तोल बिघडला तर मशीनला कळतं. एकच जाड चादर किंवा ओली गोधडी टाकली की ती एका बाजूला गोळा होते. मशीन दोन-तीनदा हळू फिरवून कपडे पसरायचा प्रयत्न करतं, जमलं नाही तर पिळणं सोडून देतं. मग आपण म्हणतो, ड्रम फिरत नाही. अशा वेळी मशीन थांबवायचं, कपडे सोडवून पसरायचे, सोबत दोन टॉवेल टाकायचे. आणि फ्रंट लोड मशीन नवं घेतलं असेल किंवा घर बदललं असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत ना, हे आधी बघायचं.

आपोआप चालणाऱ्या मशीनला पाणी किती भरलं हेही स्वतःच ओळखावं लागतं. ही युक्ती मला फार आवडते. टाकीच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दबते, त्या दाबाने वरचा स्विच कळतो, आणि मग मशीन धुवायला सुरुवात करतं. टॉप लोडमध्ये ठरलेली पातळी येईपर्यंत बहुतेक वेळा काहीच फिरत नाही. नळाला करंगळीएवढी धार असेल तर मशीन वाट बघत बसतं. ती बारीक नळी साबणाच्या साक्याने तुंबली किंवा निसटली तर टाकी भरलेली असूनही मशीनला ती रिकामीच वाटते.

आपल्या घरात पाणी गाळून घ्यायची रीत आहे. मशीनलाही पाणी आत येण्याच्या तोंडाशी एक छोटी जाळी दिलेली असते, आणि ती मात्र वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी नळ बंद करून, पाइप सोडवून ती धुवावी. फ्रंट लोडला खाली उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात आणखी एक गाळणी असते, बाहेर जाणाऱ्या पाण्याची. ती तुंबली की पाणी जात नाही, आणि पाणी गेल्याशिवाय मशीन पिळायला घेत नाही. खाली पसरट ताट ठेवून, पाणी कोमट नाही ना पाहून, ती हळूहळू फिरवून काढायची. बटणं, नाणी, टिकल्या, काय काय निघतं त्यातून!

जपान, भारत आणि तळाची चकती

आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक इतकं का पसरलं याचं उत्तर जपानच्या वाटेने येतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मेटॅग कंपनीने ढवळणारा भाग टाकीच्या तळाशी बसवला होता. १९५३ मध्ये जपानच्या सान्योने तळाशी किंवा बाजूला फिरणारी छोटी चकती असलेलं, जपानी घरांना परवडेल असं मशीन काढलं. त्या दशकात टीव्ही, फ्रिज आणि धुण्याचं मशीन यांना तिथे 'तीन पवित्र खजिने' म्हणायचे. छोटी घरं, थंड पाण्यात धुणं, कमी खर्च, हे सगळं आपल्यालाही जुळणारं होतं.

आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या अखेरीस मशीन मध्यमवर्गीय घरात शिरलं. आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची जाहिरात माझ्या वयाच्या बायकांना अजून चालीसकट आठवत असेल. १९९०च्या सुमारास आयएफबीने जर्मनीच्या बॉशच्या तांत्रिक सहकार्याने फ्रंट लोड आणलं, आणि गोव्यात त्यांचा कारखाना झाला. तरी दिवसातून तासभर येणारं नळाचं पाणी आणि जाणारी वीज यांच्यापुढे बादलीने पाणी ओतता येणारं सेमी-ऑटोमॅटिकच टिकलं.

त्यातली चकती फिरत नसेल तर आधी कपडे कमी करून बघा. तरीही नाही, तर प्लग काढून, पाणी सोडून, चकतीच्या मधला स्क्रू काढला की ती बाहेर येते. खाली नाणं, दोरा, कधी पैंजणाचा घुंगरू अडकलेला सापडतो. चकती मोकळी आहे, मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण चकती हलत नाही, तर खालचा पट्टा ढिला झाला आहे.

खालच्या बाजूला उंदीर शिरून तारा कुरतडतात हेही आपल्याकडचं मोठं कारण. त्यासाठी विष ठेवायची गरज नाही. तळाला जाळी ठोकून घ्यावी आणि मशीन स्टँडवर ठेवावं. पाली, मुंग्यांसाठी मशीन लावण्याआधी ड्रममध्ये एकदा डोकावून बघण्याची सवय आपल्या घरांत असतेच. ती सोडू नका. जीवही वाचतो आणि आत विसरलेली हेअरपिनही दिसते.

दुरुस्ती की नवीन

१९९१ मध्ये न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने आणि १९९८ मध्ये कोरियाच्या एलजीने पट्ट्याशिवाय, ड्रमला थेट जोडलेली मोटर आणली. त्यात ब्रशही नाहीत आणि पट्टाही नाही, झिजायला दोन भाग कमी. पण अशा मोटरला पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर अवलंबून राहावं लागतं. म्हणजे बोर्ड खरोखर जाऊही शकतो. शिवाय अलीकडे काही कंपन्यांच्या टाक्या कायमच्या चिकटवलेल्या असतात, बेअरिंगसाठी उघडताच येत नाहीत. एका छोट्या बेअरिंगपायी अख्खी टाकी बदलावी लागते. घेताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा.

युरोपीय संघाने २०२१ पासून धुण्याच्या मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम केला आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस एक पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. अपरिग्रह म्हणजे वस्तू कमी घेणं, आणि घेतलेली वस्तू पूर्ण वापरणं हाही त्याचाच भाग, असं मी मानते.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की यंत्रं आली तरी घरातल्या बाईचे कामाचे तास तितकेसे घटले नाहीत. आधी धोबी, मोलकरीण, घरातली माणसं यांच्यात वाटलेलं काम तिच्या एकटीवर आलं आणि स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. पटतं. पूर्वी शर्ट दोन दिवस घालायचे, आता सकाळचा संध्याकाळी मशीनमध्ये. दुसऱ्या बाजूला स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २०१०च्या एका भाषणात सांगितलं की त्यांच्या घरी मशीन आलं तेव्हा आजी पूर्ण धुणं होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली होती, आणि मशीनमुळे मोकळ्या झालेल्या वेळात आई त्यांना घेऊन वाचनालयात जाऊ लागली. हेही पटतं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर मशीनने दिलेले तास जमेला आहेत, पण ते कुणाच्या खात्यावर जमा झाले हे प्रत्येक घराने तपासावं. ड्रम थांबला की सगळ्यात आधी बाईच मोरीत उकिडवी बसते, यावरून उत्तर कळतंच.

शेवटी तपासणीचा क्रम एकत्र लिहून देते, फ्रिजवर चिकटवा.

१. वीज, व्होल्टेज, 'डिले स्टार्ट', 'चाइल्ड लॉक'.
२. नळाची धार आणि पाणी येण्याची जाळी.
३. दार किंवा झाकण, आणि कुलपाचा "टक्" आवाज.
४. कपडे जास्त आहेत का, एका बाजूला गोळा झालेत का.
५. पिळताना अडत असेल तर खालची गाळणी.
६. प्लग काढून हाताने ड्रम किंवा चकती फिरवणं.
७. नुसता हुंकार असेल तर लगेच बंद, आणि कपॅसिटर.
८. काहीच आवाज नसेल तर कार्बन ब्रश, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड.

पहिली सहा कामं आपली, शेवटची दोन मेकॅनिकची. वास जळका येत असेल, अंगाला झिणझिण्या येत असतील किंवा खाली पाणी साचलं असेल तर क्रमबिम विसरायचा, आधी मुख्य स्विच बंद करायचा. आणि एक छोटी वही करा: मशीन कधी घेतलं, वॉरंटी कधी संपते, काय बदललं, किती लागले. मेकॅनिक आला की ती वही हातात घेऊन त्याच्याशेजारी उभ्या राहा.